माझ्या पाहुण्यांचं शुल्क

चंदीगढमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या आंटीजी गेल्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबर माझ्या माहेरी जाऊन आल्या. मी स्वतः त्या वर्षी गेले नव्हते. माझ्या नवऱ्याच्या बँकेत बदल्यांचा घोळ, मुलीची परीक्षा, नेहमीचीच कारणं. पण आंटीजींना मीच गळ घातली होती. जन्मभर त्यांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. माझं ऑपरेशन झालं तेव्हा याच बाईने माझं घर चालवलं होतं, मला चमच्याने खिचडी भरवली होती. हे उपकार फिटणारे नव्हतेच. निदान माझा समुद्र तरी त्यांना दाखवावा, असं मला वाटलं.

‘माझा समुद्र’ असं मी अगदी सहज म्हणते. सिंधुदुर्गात किनाऱ्यावर आमचं गाव आहे. माझा थोरला भाऊ, दादा, पूर्वी मासेमारी करायचा. आता होडीतून पर्यटकांना पाण्याखालचं प्रवाळ दाखवायला नेतो. तशा होड्या फार वाढल्या, आणि प्रत्येक होडी प्रवाळावरच लोखंडी नांगर टाकायची. नांगराने मोडलेलं प्रवाळ आपल्या हयातीत परत उभं राहत नाही, आणि मासळीची पिल्लं तर त्यातच वाढतात. म्हणून गावाने ठरवलं, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाकडून शुल्क घ्यायचं. त्यातून नांगर न टाकता होड्या बांधायला पाण्यावर कायमचे तरंगते बोये बसवायचे आणि राखणीला माणूस ठेवायचा. गावात राहणाऱ्यांना माफी. कल्पना दादाची, त्यामुळे जेटीवर बसून पावत्या फाडायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

मी आधी त्याला फोन केला होता. म्हटलं, “माझ्या आवशीसारख्यो आसत त्यो. काय कमी पडता नये.”

“येवदेत,” तो म्हणाला. मी निर्धास्त झाले.

आंटीजी परत आल्या तेव्हा धुकं नुकतंच ओसरलं होतं. आम्ही दोघी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो. त्या सांगत होत्या. वहिनीने रोज सकाळी घावणे केले, राहायचे पैसे घेतले नाहीत, होडीचं भाडं तर घेतलंच नाही. “पुत्त, तेरे वीर ने तो हमें सिर-आँखों पर बिठाया,” त्या म्हणाल्या. वीर म्हणजे त्यांच्या पंजाबीत भाऊ. आणि मग हसत, “बस, समंदर का टिकट पक्का काटा उसने. तेरे अंकल ने कहा बाकी रख लो, वो भी नहीं माना.”

त्या अगदी कौतुकाने सांगत होत्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्या पाहुण्यांकडून पैसे! माहेरी बहिणीचं माणूस गेलं तर त्याने खिशात हात घालायचा नसतो, हे काय दादाला मी शिकवायचं? मी आंटीजींना काहीतरी सारवासारव करून सांगितलं. त्यांना ती कशासाठी, तेच कळेना.

घरात मी धुसफुसत होते तेव्हा माझी मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “मम्मा, टिकट तो सबकी लगती है ना.” तिचं बरोबर होतं. या शहरात बागेच्या दारात, म्युझियमच्या दारात, पाहुणे आले की मीच पुढे होऊन तिकिटं काढते आणि मला काही वाटत नाही. या गोष्टी कोणीतरी बांधल्या, कोणीतरी झाडतं, त्याचा खर्च असणारच. समुद्राला खर्च असतो हे मात्र माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. तो होता, आणि आमचा होता. आम्ही जाळी टाकली, नांगर टाकले, त्यातलं खाऊन मोठे झालो, आणि त्याच्यासाठी कधी काही करावं लागेल असं आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. हे सगळं पटत होतं. तरीही मी दादाला फोन केला नाही.

शेवटी त्यानेच केला. माझा अबोला त्याला लहानपणापासून ओळखू येतो.

“खरा हा, घेतलंय मी पैशे,” तो म्हणाला. “जेटीर सगळे माझ्या हाताकडेच बघीत होते गो. तुझ्या पाव्हण्यांका सोडलंय असतंय, तर सांजपर्यंत परत्येक होडीत कोणाचो तरी पाव्हणो बसलेलो असतो. मगे बोये खंयसून येतले?”

गाव मलाही माहीत आहे. तिथे येणारा प्रत्येक माणूस कोणाचा तरी कोणीतरी असतोच. दादाने त्या दिवशी पैसे सोडले असते तर ते शुल्क तिथेच बुडालं असतं आणि नांगर पुन्हा पडायला लागले असते. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी रडूही आलं. रागाच्या भरात मी विचारलं, “आनि मी इलंय तर?”

तो अगदी हळू म्हणाला, “तू गावात ऱ्हवतंस खंय? तुकाय सोडूचंय नाय.”

लग्न होऊन मी त्या घरातून निघाले तेव्हाही मला इतकं तुटल्यासारखं वाटलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी, तुझं घर इथेच आहे, असंच सांगितलं होतं. गॅसवर दूध उतू जायला आलं होतं, ते बंद करायचंही मला सुचेना. आणि तो चुकत नव्हता, हेच फार लागत होतं.

“घे तर,” मी म्हटलं. “पण पावतीर माझा माहेरचा नाव घाल.”

पलीकडे दादाने नाक ओढलं.

“लिवतलंय,” तो म्हणाला.