आई म्हणे लाजते

माझ्या आईला कुणी लाजाळू म्हणालं, तर आमच्या वस्तीवर अजूनही हसतील. भोंडल्याचा फेर धरला की पहिला आवाज तिचा, आणि तो कालव्यापलीकडं ऐकू जायचा. अशा बाईला नाशिकच्याच एका साहेबीणबाईंनी एका वाक्यात लाजाळू करून टाकलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, पण आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आमची फुलांची शेती. आई पंचवटीच्या बाजारात फुलं घेऊन बसायची. तिथं दर आठवड्याला एक स्वीडिश बाई यायची. तिचा नवरा इथल्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिला मराठी चार शब्द यायचे, आईला इंग्रजी अजिबात नाही, म्हणून मध्ये मी. सातवीत होते, इंग्रजी शाळेत. एकदा तिनं सांगितलं, आमच्याकडं जूनमध्ये, उन्हाळा ऐन भरात असताना, खांबाला पानंफुलं बांधून त्याभोवती नाचतात, गाणी म्हणतात. मी आईला सांगितलं.

"म्हंजे भोंडलाच की," आई म्हणाली. "मंग खिरापत कोन करतं?"

झाकलेल्या डब्यात काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं, तोवर झाकण उघडायचं नाही, हे मी समजावलं. बाई खूश झाली. म्हणाली, या जूनमध्ये आमच्या बंगल्यावर करू, फुलं तुमची, खिरापतही तुमची, आणि तुम्ही आमचे पाहुणे. पाहुणे हा शब्द मीच आईला सांगितला होता, आणि त्यात माझी चूक झालेली नाही.

त्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसली. पहाटे उठून खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. बंगल्याच्या हिरवळीवर तिनं आणि वडिलांनी खांबाला आंब्याचा पाला, झेंडू, निशिगंध बांधला. दोन बाजूंना लोंबणारी फुलांची कडी तर आईनं एकटीनं केली. मग कारखान्यातले साहेब सहकुटुंब यायला लागले. त्यातल्या एका साहेबीणबाईंनी आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फुलवाल्या बाई, झालं ना काम? मागं बसा, चहा पाठवते."

घर स्वीडिश बाईचं, पाहुणे तिचे, आणि हुकूम सोडणाऱ्या या कोण? पण आईला वाटलं, इथली रीतच असेल. ती आणि वडील मागच्या ओट्यावर, जिथून हिरवळ दिसायची, तिथं जाऊन बसले. डबा आईच्या मांडीवर. मला मात्र त्या घरातल्या मुलींनी डोक्यावर फुलांचा मुकुट घालून फेरात ओढलं होतं.

त्यांच्याकडचं बेडकांचं गाणं सुरू झालं. मोठमोठे साहेब बेडकासारख्या उड्या मारत होते, साहेबीणबाईसुद्धा पदर खोचून. एवढ्यात स्वीडिश बाई थांबली आणि मला म्हणाली, आई कुठं आहे? मी तोंड उघडायच्या आत साहेबीणबाई इंग्रजीत, गोड हसून म्हणाल्या, "ती फार लाजते. तिला तिथंच बरं वाटतं."

स्वीडिश बाई माझ्याकडं बघत राहिली. मी खरं सांगायची ती वाट बघत होती. साहेबीणबाईंची मुलगी माझ्याच वर्गात होती. मी मान डोलावली.

बाईनं आईसाठी ताट भरून पाठवलं. उकडलेले बटाटे, आंब्याच्या फोडी लावलेला केक. ती कमी पडली नाही. कमी आम्ही नाशिककर पडलो.

परतताना रिक्षात आईनं विचारलं, "ती बाई माझंच इचारत व्हती ना? सायबीनबाई काय म्हनल्या?"

"तू लाजतेस म्हणाल्या."

आई हसली नाही. डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

"अन् तू काय म्हनलीस?"

"मला कुठं बोलता येतं एवढं इंग्रजी," मी म्हणाले.

त्या इंग्रजी शाळेत मला तिनंच घातलं होतं, सगळ्या भावकीशी भांडून.