उन्हात पडलेलं रशियन पुस्तक

अंबाजोगाईच्या आमच्या सरांनी ते पुस्तक मला दिलं तेव्हापासूनच मी धास्तावले होते. सर तरुणपणी छापचित्रं शिकायला मॉस्कोला गेले होते. तिथल्या घरमालकिणीनं निघताना त्यांना दिलेलं हे पुस्तक, शंभर वर्षांहून जुनं, तळहाताएवढं. भिंतीला चिकटवायच्या फुलाफुलांच्या कागदाचं वेष्टन. आत कवी आणि चित्रकारानं मिळून हातानं केलेली पानं. काळी पानं दगडावरून छापलेली. जांभळी मात्र जिलेटिनच्या थरावरून उठवलेली. जांभळ्या शाईनं काढलेलं चित्र त्या थरावर दाबायचं, मग कोरे कागद ठेवून एकेक प्रत उचलायची. प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा फिकी.

"ही शाई पाण्यानं फुटते आणि उन्हानं उडते," सर म्हणाले. "तुझ्या हाताला सफाई आहे. याला एक पेटी करून दे."

मी परळीत चित्रकला शिकवते. तिथं खिडकी लावली तरी वीजकेंद्राची राख टेबलावर बसते, म्हणून पुस्तक घेऊन सिरसाळ्याला आईकडे गेले. धुतलेल्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि सकाळीच पुठ्ठा आणायला बाहेर पडले.

दुपारी आले तर ट्रंक उघडी.

"आई, पुस्तक कुठंय?"

"माळवदावर. टरंकंत कसर निघाली, म्हनून समदं उन्हात टाकलं. कावून?"

मी धावत शिडी चढले. गोधड्यांच्या शेजारी पुस्तक उघडं पडलं होतं. पान मिटू नये म्हणून आईनं वर खडा ठेवला होता. पानावर घोड्याचं चित्र होतं. खडा उचलला. त्याच्याखाली घोड्याचं पोट गर्द जांभळं. डोकं, पाय, खालच्या ओळी सगळं राखी पडलेलं. पुस्तक मिटून मी खाली उतरले.

"आगं, अशी पांढरी कावून पडलीस?" आईनं विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

तिला सांगितलं असतं तर ती दोन घास जेवली नसती.

सरांना फोन करायला मी धजले नाही. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या बसमध्ये पुस्तक पोटाशी धरून बसले. तो रंग पुन्हा भरता येत नाही, भरला तर ते पुस्तक तेच राहत नाही, हे मला सरांनीच शिकवलेलं.

सरांनी चष्मा लावून ते पान पाहिलं.

"ऊन?"

"हो. कसर लागू नये म्हणून आईनं..."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस."

ते ओरडले नाहीत, त्यानं मी जास्तच घाबरले. पुस्तक कपाटात ठेवून त्यांनी किल्ली फिरवली. मी निघाले तेव्हा दारात म्हणाले, "पेटी मात्र कर."

मी केली, आतून काळ्या कापडाची. अजूनही गेले की सर पुस्तक काढून दाखवतात, पण पानं स्वतःच उलटतात. घोडा जवळ आला की दोन पानं एकदम.