समोरच्या घरकुलातला मानाचा टॉवेल

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल.

माझं कापडाचं दुकान. रस्त्यापलीकडं घरकुल योजनेच्या इमारती. त्यांच्या गाड्या आमच्या शटरसमोर लागायच्या म्हणून आम्ही दुकानदार ओरडायचो, आमचा कचरा त्यांच्या फाटकापाशी जायचा म्हणून ते ओरडायचे. वर्षानुवर्षं समोरासमोर राहतोय, पण कुणाला कुणाचं तोंड माहीत नाही!

मी ठरवलं, आता दोस्ती करायची. असली कामं मला जन्मजात जमतात. तिथल्या वॉचमनकडं निरोप ठेवला, "दुकानदार मंडळी रविवारी सकाळी भेटायला येतायत." शेजारच्या बेकरीवाल्या रफिकभाईंना बरोबर घेतलं, त्यांच्याकडचा नानखटाईचा डबाही घेतला आणि निघालो.

जाऊन बघतो तर काय! दारात रांगोळी, आत मांडव, मधोमध सोफा.

"बघा रफिकभाई, याला म्हणतात वजन!"

एक गृहस्थ हात जोडून धावत आले. "या, या पाव्हणं! मी शिंदे. कवाची वाट बघू राहिलो तुमची!"

सोफ्यावर बसवलं, कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ!

रफिकभाई कानात म्हणाले, "शेठ, कुछ तो गडबड है. इत्ती इज्जत कायको देरे?"

"गप बसा हो. सवय करा."

मग डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी पोहे घेऊन आली.

"काय शिकलीस, बाळ?"

"बी.कॉम. झालंय."

"वा! आम्हाला अशीच मुलगी पाहिजे होती!" मला गल्ल्यावर बसायला माणूस हवं होतं ना!

शिंदे चाचरत म्हणाले, "अन् आमच्याकडून काय अपेक्षा?"

"कसली अपेक्षा? एक पैसा नको! उलट दर महिन्याला आम्हीच देऊ!"

मांडवात टाळ्या! शिंद्यांचे डोळे भरून आले. मी आणखी फुगलो. म्हटलं, "उद्यापासूनच पाठवा हिला."

"उद्यापासून? लग्नाआधी?"

पोहे घशातच अडकले माझ्या. तेवढ्यात फाटकाशी वैजापूरहून आलेली एक जीप थांबली. मुलगी बघायला आलेले खरे पाहुणे! पुढं मुलाचे मामा. त्यांची नजर थेट माझ्या टोपीवर.

"आमचा मान दुसऱ्याला देऊन टाकला व्हय? फिरवा रं गाडी!"

आमच्याकडं जमत आलेली सोयरीक मानपानावरून मोडते, हे काय मी सांगायला पाहिजे? शिंद्यांचा चेहरा पडला. ती मुलगी रिकामा ट्रे छातीशी धरून तशीच उभी.

मी उठलो आणि दिलं ठोकून, "मामा, मान कसला! मी समोरचा कापडवाला. टॉवेल खांद्यावर कसा दिसतो, ते टाकून दाखवत होतो!"

मामा थांबले. जवळ आले. टॉवेलचं टोक दोन बोटांत चोळून बघितलं. "अन् हा आम्हाला देणार होता? याच्यातून तर पलीकडचं दिसू राहिलं!"

एवढ्यात गलका ऐकून शिंदेवहिनी आतून बाहेर आल्या. "अगं बाई, हेच की ते! यांच्याच दुकानातून तर आणला काल!"

मी टॉवेलचा निळा काठ बघितला. माझाच माल!

त्याचं असं आहे, की कापडाच्या दुकानात आमचा पहिला प्रश्न ठरलेला. "वापरायचं का द्यायचं?" गिऱ्हाईक 'द्यायचं' म्हणालं की आमचा हात आपोआप खालच्या कप्प्याकडं जातो. तिथला टॉवेल एकदा धुतला की त्याचा हातरुमाल होतो.

रफिकभाईंना दुकानाची किल्ली देऊन पळवलं. ते सगळ्यात भारी टॉवेल आणि फेटा घेऊन आले. मामा फेट्यात खुलले, नानखटाई सगळ्यांनी खाल्ली, सोयरीक जमली.

आणि दोस्ती? जमली की! गाड्या नीट लागायला लागल्या, कचरा गेला, लग्नाचं आमंत्रण तर आमच्या ओळीतल्या एकूण एक दुकानाला!

लग्नात शिंद्यांनी मला चक्क माइकवरून बोलावलं. मी कॉलर ताठ करून रुबाबात गेलो. खांद्यावर टॉवेल पडला. निळा काठ!

"शिंदे," मी हळूच म्हटलं, "हा तोच की हो!"

"मंग?" शिंदे हसत म्हणाले. "द्यायचाच हाय, शेठ. वापरायचा थोडाच हाय?"