आईचा डावा हात

माझ्या आईवर अन्याय झाला तो १९९८ सालच्या नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी, पाचूबंदरला आमच्याच ओटीवर. त्या दिवशी आत्याने तिचा डावा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने छातीशी बांधला आणि जाहीर केलं की वहिनीने आता घरातल्या कुठल्याच कामाला हात लावायचा नाही.

आईला लकवा झाला होता. पाय सुधारत होता, भिंत धरून ती चालायची. हात मात्र लोंबत राहिला. त्याला तेल चोळून झालं, कोणी कबुतराचं रक्तही चोळलं, आणि शेवटी तो बांधून टाकला. हे सगळं मायेने, याचीच मला जास्त चीड येते. दुष्टाशी भांडता येतं. घास भरवायला बसलेल्या आत्याशी काय भांडणार?

मी कॉलेजात होते, पाण्यासाठी मोर्चे काढत, पत्रकं वाटत फिरायचे. तशीच एक दिवस आईला रिक्षात घालून माणिकपूरला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी आधी पट्टी सोडली. म्हणाल्या, आजार हातात नाही, मेंदूत आहे. मेंदूचे भाग एकमेकांशी बोलतात तेव्हा हात हलतो. ते बोलणं तुटलंय. ते परत जुळू शकतं, कधी वेगळ्या वाटेनेही, पण हात वापरला तर. या आधी काय काम करायच्या, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर आईने दिलं, जड जिभेने.

"बोंबील."

बोंबील सुकवताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एका हाताने ते होत नाही. बाई म्हणाल्या, मग हाच व्यायाम.

घरी आत्या भडकली. लकवा झालेल्या बाईला उन्हात उभी केली तर गाव तोंडात शेण घालेल. आईने तिच्याकडे नीट बघितलं.

"हात माजा हाय, गावाचा नाय."

पावसाळा सरल्यापासून मी तिच्या डाव्या बोटांत बोंबील धरवायचे आणि तो निसटायचा. शेजारणी म्हणायच्या, मांजरांची चंगळ आहे तुमच्याकडे. आईही हसायची आणि पुढचा उचलायची. मग बोटं थोडी मिटू लागली. नाताळच्या आधी एका दुपारी जबड्यात जबडा अडकला, आणि ती जोडी आईने एकटीने दोरीवर टाकली. वाकडी लटकली, पण लटकली. मी आख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडले. आत्या आत गेली आणि भरलेली टोपली आणून आईपुढे आदळली.

"कौतुक झालं असेल तर ही संपव, वयनी."

आईने ती संपवली.

आता तुमचं बोला. तुमच्या घरात असा एखादा हात असेल, तर त्या माणसाला आज भरवू नका. ताट पुढ्यात ठेवा, हात लावायला सांगा आणि गप्प बसा. सांडलं तर पुसा.