पाळकसाहेबांची मूठ
आमच्या पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीनं, मला तांदळात फसवलं. नव्या भाताचा वास आला की ते आठवतं. चर्चच्या ओसरीवर तासभर घासाघीस करून मी त्यांचं पोतं उचललं. घरी शिजवलं तर अर्धा भात गिच्च, अर्धा कच्चा! तसाच परत गेलो. “बाई, तांदूळ हाये का गोटे?” त्या हसल्या. “मुठीचा हाये न, भाऊ. भात मांडाच्या आधी घरोघरच्या बाया पाळकासाठी एक मूठ काढतेत, अन् सारा तांदूळ एकाच पोत्यात पडते. आमी रोज हाच खातो. बसा, जेवा.” करडईच्या भाजीसोबत तोच भात मी पोटभर जेवलो. आमच्याकडे पाळकांच्या पगाराला ‘मूठ’ का म्हणतात, ते तेव्हा कळलं. आता पगार बँकेत जातो, नाव तेच आहे. पण स्वतः सुवासिक चिन्नोर तांदूळ खाऊन पाळकाच्या मुठीत जुनी, तुकडा तांदळाची कणकी कोण टाकत होतं? त्या घरानं रविवारी चर्चमध्ये उभं राहून जबाब द्यावा.