सहा पायऱ्या, चार पेट्या

मार्च १९५७, मतदानाचा दिवस, दुपारी तीन. बारामतीतल्या शाळेपुढे हजर: मी, निवृत्त हवालदार, इंजिनिअर कंपनी, राहणार सांगवी, आणि निवृत्त सॅपर, म्हणजे कंपनीतला शिपाई, इब्राहिम तांबोळी, याची गावात लाकडाची वखार. यायचा बाकी: निवृत्त नाईक सखाराम गावडे. मूळ कन्हेरीचा, आता बारामतीत हातमशीनवर शिवणकाम करतो. दोन्ही पाय गुडघ्यावरून गेलेले.

पाय इटलीत गेले. आमचं सेक्शन सुरुंग काढायचं. मोकळ्या केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी टेप लावायचं काम माझं. त्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी 'लेन क्लिअर' असा रिपोर्ट दिला. सहा पंचवीसला स्फोट झाला. सखाराम टेपच्या बाहेर गेला की टेपच चुकली, हे आम्ही दोघांनी कधी बोलून पाहिलं नाही. मी दिवाळीला त्याच्याकडे जायचो, चहा व्हायचा, मी परत यायचो.

मतदानाच्या आदल्या दिवशी त्याचा निरोप आला: 'शाळंला सहा पायऱ्या हायत. बंदोबस्त करा.'

मी सकाळी जाऊन पाहणी केली. बंदोबस्त आधीच झालेला दिसला. एका उमेदवाराचे प्रतिनिधी बापूराव यांनी दोन हमाल आणि एक हाताची खुर्ची ठेवली होती. म्हातारे, लंगडे, आजारी, सगळ्यांना फुकट वर नेत होते. माणूस मदत करतो तेव्हा मी त्याचे हात बघतो. खुर्ची दारात थांबत नव्हती. थेट पडद्याच्या आत जात होती, आणि हमाल तिथंच उभे राहत होते. पडद्याआड टेबलावर चार उमेदवारांच्या चार पेट्या; ज्याला मत, त्याच्या पेटीत कागद टाकायचा. कागद कुठल्या पेटीत पडला हे त्यांना दिसणारच.

मी आणि इब्राहिमने वखारीतून दोन लांब फळ्या आणल्या आणि पायऱ्यांवर टाकल्या. खाली विटांचे टेकू. काम पाऊण तासात झालं. उतार चांगला साधला होता.

चार वाजता सखाराम आला. त्याची गाडी म्हणजे पाटाएवढी फळी, खाली चार बेअरिंगं. दोन हातांत दोन लाकडी ठोकळे, ते जमिनीला रेटत चालायचं. तो उताराशी थांबला आणि वर बघत राहिला.

"हवालदार, मी जीप हाय का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जीप ट्रकवर चढवायला टाकतात तशा आम्ही फळ्या टाकल्या होत्या. दोन चाकांना दोन पट्टे, मध्ये हातभर मोकळं. दहा वर्षं तेच केलं, हात सवयीनं चालले. ज्याच्यासाठी केलं त्याची गाडी मोजलीच नाही.

बापूराव दारात आले. "कशाला खटाटोप, नाईक? बसा खुर्चीत. राजावानी नेतो."

"राजाला मत नसतंय, बापूराव," सखाराम म्हणाला.

इब्राहिम हसला. बापूराव हसले नाहीत. फळ्या काढल्या, एकमेकींना चिकटवल्या, खालून आडव्या पट्ट्या ठोकल्या, कडेला काठ. चार चाळीस झाले. दार बंद व्हायला वीस मिनिटं. सखाराम ठोकळे रेटत एकटा वर गेला. आम्ही हात लावला नाही.

आत गेल्यावर कळलं की अर्धंच काम झालंय. पेट्या टेबलावर आणि सखाराम जमिनीवर. पेटीची फट त्याच्या हाताच्याही वर राहिली.

मी मतदान अधिकाऱ्यांना म्हणालो, "साहेब, पेट्या खाली ठेवा."

"पेटी हलली तर मी तक्रार करीन," बापूराव म्हणाले.

अधिकारी घामाघूम झाले होते. म्हणाले, "कागद माझ्याकडे द्या. सांगाल त्या पेटीत मी टाकतो."

"न्हाय," सखाराम म्हणाला. "सांगायचंच असतं तर पडदा कशापायी बांधलाय?"

मी घड्याळ पाहिलं. चार बावन्न.

"हवालदार उचलतील," सखाराम म्हणाला. "डोळं बांधून. दुसरं कुणी न्हाय."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. इब्राहिमने माझ्या डोळ्यांवर स्वतःचा रुमाल घट्ट बांधला. मी पडद्याआड सखारामला काखेत धरून उचललं. वजन शाळकरी मुलाएवढं. चूक टेपची की त्याची हे अजून बोललो नव्हतो, आणि तो पहिल्यांदाच माझ्या हातात होता. त्याचा हात पुढं गेला, अंग एका बाजूला झुकलं, कागद पडल्याचा आवाज आला. डोळे बांधले होते, पण अंगाचा झोक हातांना कळतो. पेटी कुठली ते मला कळलं.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "कळलं का?"

"न्हाय."

"हवालदार, खोटं बोलायच्या आदी तुमी खोकता."

ती पेटी मी कोणाला सांगितली नाही. बापूरावांनी दोनदा विचारलं. इब्राहिमने एकदा.

पुढच्या आठवड्यात मी नगरपालिकेला अर्ज दिला. शाळा, दवाखाना, कचेरी: पायऱ्यांच्या कडेला पक्का उतार करावा, उंबरे काढावेत, मतपेट्यांचं टेबल आणि कचेरीच्या खिडक्या खाली घ्याव्यात. अर्ज परत आला. समासात शेरा: 'टेबल किती उंच हवे? माप लिहावे.' गाडीवर बसलेल्या माणसाचा हात कुठवर पोहोचतो हे माप सखारामकडे जाऊन घ्यायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. पुढच्या वर्षी श्रावणात सखाराम तापानं गेला.

त्या सकाळच्या स्फोटात सॅपर भिकू जगताप आणि सॅपर महादू शेंडगे जागेवर गेले. त्यांची नावं इटलीत दगडावर आहेत. सखारामचं नाव कुठल्याच दगडावर नाही, कारण तो तेरा वर्षं उशिरा आणि घरात गेला. माझ्या यादीत मी त्याला तिसरा धरतो.

भवानीनगरला यंत्रात पाय गेलेला एक कामगार आहे, तोही गाडीवर फिरतो असं इब्राहिम सांगतो. त्याच्याकडे जाऊन माप घ्यायचं आहे. अर्जातली ती जागा अजून कोरी आहे.