पाटावर बसवलेली हार्ड डिस्क

आमच्या ह्यांचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी दुपारी पाऊस पडेल म्हणावं तसं सांगितलं. घशाचं ऑपरेशन, स्वरयंत्र काढायचं, जीव वाचेल. मी म्हटलं, मग आधी आवाज भरून ठेवू. हे म्हणाले, "लोणचं आहे का ते?" तरी बसले. मी मोबाईल पुढे धरायची आणि हे पेपर वाचायचे, पाढे म्हणायचे, माझ्या माहेरच्यांना नावं ठेवायचे. सगळं मी कॉम्प्युटरवर चढवलं आणि मोबाईलवरून पुसलं, कारण मोबाईल नातेवाइकांच्या 'शुभ सकाळ'नी भरला होता.

बॅकअपला वेगळी हार्ड डिस्क आणली. सॉफ्टवेअर दर आठवड्याला नक्कल करायचं, ती तपासायचं आणि हिरवी खूण दाखवायचं : पडताळणी यशस्वी. मला बरं वाटायचं. एरवी या घरात मला यशस्वी कोण म्हणतंय?

ऑपरेशन झालं. हे वाचले, आवाज गेला. आता पाटीवर लिहून भांडतात. अक्षर सुरेख आहे, त्यामुळे एकही टोमणा वाया जात नाही.

मग एके दिवशी कॉम्प्युटरनेच मान टाकली. मी म्हटलं, बॅकअप आहे ना. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला तो कोरा; त्याला डिस्क जोडली, फाईली परत मागवल्या. उत्तर आलं, फाईल खराब आहे. दुसरी मागवली, तीही खराब. पुन्हा पडताळणी चालवली, तर हिरवी खूण. यशस्वी! पुन्हा फाईल मागवली. खराब. मेल्याला लाज म्हणून नव्हती.

डिस्क घेऊन मी महात्मा गांधी रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारांनी डिस्क उलटसुलट पाहिली. "वहिनी, हे लाल काय?"

"कुंकू."

त्यांच्याही गल्ल्याला लागलेलं होतंच. त्यांनी डिस्क लावून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की पहिलीच नक्कल अर्ध्यात तुटलीय. सॉफ्टवेअरने ती पूर्ण झाली असं धरलं, आणि नंतर दर आठवड्याला फक्त फाईलींची नावं तपासली. हजेरीपटावर सगळे हजर, वर्गात चिटपाखरू नाही. "खंडेनवमीला कोणी वायर काढली होती का?" त्यांनी तारीख पाहून विचारलं.

कोणी म्हणजे कोण, हे मला लगेच कळलं. ह्यांची सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात, लेथवर गेली. खंडेनवमीला यंत्र पुसायचं, पुजायचं आणि त्या दिवशी चालवायचं नाही, हा नेम. निवृत्त झाल्यावर हा मान विळी, मिक्सर आणि स्कूटरकडे आला. ऑपरेशनच्या आधीच्या त्या खंडेनवमीला डिस्कचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे नक्कल चालू होती. "आज हिलाही सुट्टी," म्हणत ह्यांनी वायर उपटली, डिस्क पाटावर बसवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला. मी पुरण घाटत होते.

डिस्क त्यांच्याकडेच ठेवली आणि घरी येऊन ह्यांना सांगितलं. राग असा आला होता की काय सांगू, पण करायचा कोणावर? ज्याचा आवाज, त्यानेच पूजा करून घालवला. ह्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, "होता तेव्हा तरी कुठे ऐकत होतीस?"

मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले. ह्यांनी ते वाक्य फडक्याने पुसलं आणि चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात दुकानदारांचा फोन आला. एकच फाईल उघडतेय, छोटीशी. मी ती पेनड्राइव्हवर घेऊन आले, टीव्हीला लावली. हे समोर खुर्चीत ताठ बसले. आधी नुसती खरखर, मग पेपरची पानं उलटल्याचा आवाज. आणि एकदम ह्यांचा तो अख्ख्या सोसायटीला ऐकू जाणारा आवाज :

"अगं, बटाटे लागले बघ! गॅस बंद कर आधी!"

मी ताडकन उठले आणि स्वयंपाकघरात धावले. शेगडीवर काहीच नव्हतं. तरी बटण चाचपलं आणि आतूनच ओरडले, "केला हो, केला बंद!"

मग हे पुढे काय म्हणतात म्हणून कान देऊन उभी राहिले. बाहेर फाईल संपली होती.